कॅशेतली हळद

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या बौद्ध घरात अंगात येणारा कुणी आलाच तर बाबा त्याला चहा द्यायचे, आणि तो गार होईपर्यंत प्रश्न विचारायचे. तेव्हा हे वाचून मला भोळसट म्हणू नका... मूर्ख म्हणा, ते सिद्ध झालेलं आहे.

मी हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो. स्वतःचा सोडून सगळ्यांचे. फावल्या वेळात फ्लाइट सिम्युलेटरवर विमान उडवतो, म्हणजे बहुधा आपटतो. हा गेम जमिनीचे वरून काढलेले खरे फोटो नेटवरून ओढतो आणि पुन्हा ओढावे लागू नयेत म्हणून डिस्कवर साठवतो — तो कॅशे.

बाबा गेले. आमच्या गावचं, जवळा बाजारचं खळं चुलत्यांच्या वाट्याला गेलं; तिथं आता टिनाचं गोदाम आहे. माय माझ्याकडे आली, पण अन्नावरची तिची वासनाच उडालेली. एका दुपारी सहज विमान गावावर नेलं, तर... फोटो जुना! बाबा असताना कधीतरी ओढलेला, कॅशेत तसाच राहिलेला. खळ्यात शिजवलेली हळद वाळायला पिवळीधमक पसरलेली, मधोमध वाट सोडलेली. हळदीवर पाय पडू नये म्हणून बाबाच तशी वाट ठेवायचे, दुसरं कुणी नाही.

"थांब! इतक्या जोरात काहून नेऊन राहिला?" माय खुर्ची ओढत म्हणाली.

"विमान हाय माय, थांबलं की पडतं."

"मंग फिरव की, मुडद्या!"

तेव्हापासून रोज दुपारी आमची फेरी. माय ताट घेऊन स्क्रीनपुढे बसायची. हळद बघता बघता चार घास पोटात जायचे.

मग मी हुशारी केली. तिला नीट दिसावं म्हणून टेक्स्चरची, म्हणजे फोटोतल्या बारकाव्याची, सेटिंग सगळ्यात वर नेली. मेमरी गच्च भरली, विमान हवेतच अडकायला लागलं. गिऱ्हाइकांना सांगतो तेच केलं — कॅशे साफ! कॅशे डिस्कवर होता आणि तंगी मेमरीची होती, हे नंतर सुचलं. पुढच्या फेरीला नेटवरून नवा फोटो आला. टिनाचं गोदाम.

मायनं ताट सारलं. "कुठं गेलं रे?"

ते गोदाम तरी दिसू नये म्हणून मी कॅशे परत पुसला. तेवढ्यात रस्त्याच्या खोदकामात नेटची वायर तुटली.

"तरी बी लाव," माय म्हणाली.

लावलं. नेट नाही, कॅशे नाही. सगळा जिल्हा हिरव्या लगद्यासारखा सपाट. फक्त एक चौकोन लख्ख. आमचं खळं! पण हळद पसरलेली नव्हती. कोपऱ्यात ढीग लावलेला, खळं झाडून घेतलेलं. असा फोटो माझ्याकडे कधीच आला नव्हता. गडबडीत स्क्रीनशॉटऐवजी भलतंच बटण दाबलं आणि विमान आपटलं. पुन्हा उडालो तर नुसतं हिरवं. कॅशेचं फोल्डर उघडलं — रिकामं.

"नेट आलं की शोधतो, माय."

"नको. वाळली असंल," ती हळूच म्हणाली. "वाळल्यावर ते थांबत न्हाईत खळ्यावर."

जाणकार मित्रांना विचारलं. पसरलेली हळद परत दिसली असती तर कारणं पुष्कळ निघाली असती. ढीग कुणी लावला, याचं एकही निघत नाही. मशीनला नवी रॅम घातली, आता विमान कुठंच अडकत नाही. माय ताट घेऊन बसते ती स्क्रीनकडे पाठ करून. जेवते... थोडंसंच.