रंगवलेले तांदूळ

माझ्या वाईट अक्षराची आणि चुकलेल्या ऱ्हस्व-दीर्घाची आधी माफी मागते. मी चौथीपर्यंतच शिकले. हे वाचणारं तसं कुणी नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला लिहायला धीर होत नाही.

डोंबिवलीत मानपाड्याच्या एका शाळेत मी मावशी आहे. चित्रकलेचा तास संपला की वर्ग मी आवरते. पहिलीची मुलं अंगठ्याचे ठसे उठवतात, त्यांना हात धुवायला नळावर मीच नेते. तिसरीची मुलं कापलेली भेंडी रंगात बुडवून फुलं काढतात. आठवीची मुलं पट्टी लावून घरं आणि रस्ते काढतात, त्यांचा कचरा म्हणजे फक्त पेन्सिलीची सालं. पाचवीचा कचरा मात्र मला बघवत नसे. ती मुलं कागदाला डिंक लावून डाळी आणि रंगवलेले तांदूळ चिकटवायची. तास संपला की फरशीभर धान्य. धान्यावर पाय द्यायचा नाही, ते केरात टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

एकदा मी ते सगळं हाताने गोळा केलं आणि पिशवीत बांधून घरी नेलं. आमची खोली एका जुन्या घराच्या मागे आहे. मालकीण इथलीच, गावातली. तिला सगळे काकी म्हणतात. अंगणात तिच्या कोंबड्या असतात, त्यांना ते दाणे टाकले. हिरवे, गुलाबी दाणे त्यांनी भराभर टिपले. मला बरं वाटलं.

सकाळी काकीचा आवाज आला. "कोंबऱ्यांनी होली खेलली काय गो? शिट बघ, हिरवी नि गुलाबी."

दोन कोंबड्या मान टाकून पडल्या होत्या. तशीच शाळेत गेले आणि चित्रकलेच्या बाईंना विचारलं, तांदळाला रंग कसला लावता.

"पोस्टर कलर, नाहीतर दुकानात मिळेल तो. का हो मावशी, खिचडी नाही ना केलीत?" बाई हसल्या. मी हसले नाही.

संध्याकाळी घराकडे पाय उचलेना. काकीने खोली खाली कर म्हटलं तर मुलीला घेऊन कुठे जाणार? दुसरीकडे आधी डिपॉझिट मागतात. ते माझ्याकडे नव्हतं.

काकी पायरीवर बसली होती. "दोन्ही मेल्या गो बाय. अंड्यावरच्या व्हत्या. त्या बाजूच्या भाडेकरूनी उंदराचं औषध टाकलं असंल. उद्याच काढते त्याला."

त्या माणसाला लहान बाळ होतं. मी एकदम बोलून टाकलं. "काकी, मी घातलं. शाळेतले तांदूळ. केरात टाकवले नाहीत."

काकी पायरीवरून उठली. "टाकवत नव्हतं, मंग तूच खायचं व्हतं."

मी रडायला लागले.

"रडून कोंबरी उठनार नाय. पैसे भर, भाड्यासंगती थोडे थोडे."

"आणि खोली?"

"खोलीला काय झालं?"

तरी भीती गेली नाही. काकीने हाक मारली की वाटायचं, आता सांगेल खोली सोड म्हणून. ती सांगायची पाणी भरून ठेव, नाहीतर मुलीला पाठव, मटार सोलायचे आहेत.

चित्रकलेच्या बाईंना मी सगळं सांगितलं. आता पाचवीला त्या वाळलेली पानं आणि बटणं चिकटवायला देतात.

दिवाळीच्या आधी भाड्याबरोबर शेवटचे दोनशे रुपये दिले. काकीने नोटा कमरेला खोचल्या. "शालेतून काय आनलंस तर आधी मना दाखव," म्हणाली, आणि कोंबड्यांना हाकत आत गेली. कोंबड्यांचे सगळे पैसे फिटले.