विमानाआधीच उडालेला सेल

पाच माणसं चार वर्षं एका हॉलमध्ये काम करायला लागली की किस्से आपोआप साठतात. आम्ही माण गावात भाड्याच्या जागेत सोलर सेल बनवतो. छपरावरचे जाडजूड नव्हेत. विमानाच्या पंखांवर, उपग्रहांवर लावायचे, कागदाहून पातळ.

*

घरमालक सदातात्या एकदा बघायला आले. "त्ये प्यानल कुटं हाय?"

मी एक सेल त्यांच्या तळहातावर ठेवला. नीट दिसावं म्हणून तात्यांनी चष्मा काढला, काचेवर फुंकर मारली आणि सेल थेट कपाटामागे!

"आवं, इमानाच्या आधी ह्येच उडालं की!"

*

कंपनी काढणाऱ्या आमच्या सरांना वजनाचं वेड. "दीपा, अजून दोन ग्रॅम कमी कर." सेल तपासायला आम्ही बिनपायलटचं छोटं विमान बनवत होतो, त्याचे पंख जोडायचं काम दीपाचं. वैतागून तिने पंखावरचं कंपनीचं नावच खरवडून काढलं.

"अगं, विमान कुणाचं ते कळणार कसं?"

"पडलं तर बरंच आहे ना, सर!"

*

अंतराळातली थंडी-उष्णता सोसतो का, हे बघायला एक सेल तीन दिवस मशीनमध्ये होता. शेवटच्या तासाला लाईट गेली. सगळं पहिल्यापासून! आम्ही पायरीवर येऊन बसलो.

तात्या म्हणाले, "दिसभर सोलर बनवताय, अन् लाईटीची वाट बघताय व्हय?"

हसले, आणि संध्याकाळी स्वतःचा जनरेटर आणून ठेवला.

*

पौडच्या पुढे, पठारावर आमच्या विमानाचं पहिलं मोठं उड्डाण. दोन माणसांएवढा लांब पंख, त्यावर वर्षभराचे सेल. मध्येच ढग आले आणि विमान डोंगरापलीकडे दिसेनासं झालं. दीपा रडायचीच बाकी होती. दोन तास करवंदीच्या जाळ्या तुडवल्यावर खालच्या वस्तीत एका आजीच्या अंगणात गोधडी दिसली. गोधडीबाहेर पंखाचं टोक!

सरांनी अलगद गोधडी उचलली. बॅटरी पार उतरलेली, पण एकही सेल तडकलेला नव्हता. तेवढ्यात उन्हाची तिरीप पंखावर आली आणि पुढचा पंखा गर्रकन फिरला. सर दचकून मागे सरले.

आजीने शांतपणे गोधडी पुन्हा ओढली.

"उघडं ठिवू नगा. उन्हात आलं की पळाया बघतंय, झाकलं की गप ऱ्हातंय. कोंबडीवानीच हाय!"