सोंड नसलेला हत्ती

दर रविवारी मी संग्रहालयात मुलांचा चित्रकलेचा वर्ग घेते. आज आम्ही दगडी हत्तीसमोर सतरंजी टाकली होती. सई नावाच्या मुलीने हत्ती काढला आणि शेजारी बसलेल्या तिच्या आईला राहवेना. "अगं, सोंड राहिली की!" म्हणत तिने पेन्सिल घेतली आणि छान वळणदार सोंड काढून दिली.

सई कागदाकडे बघतच राहिली. "पण आई, त्याची तुटलीये ना."

मी मान वळवून पाहिलं. खरंच तुटलेली होती. सोंडेच्या जागी नुसता खडबडीत दगड होता.

घरी आल्यापासून मी या खोलीतून त्या खोलीत फिरतेय. हत्ती म्हटला की सोंड आलीच, हे आपल्याला इतकं पाठ असतं की समोरच्या हत्तीकडे बघायची गरजच वाटत नाही. त्या आईवर चिडावं म्हटलं, तर तेही जमेना. "आधी नीट बघा, मग काढा," असं मुलांना दर रविवारी बजावणारी मीच. आणि आजही ते बजावताना मी उभी होते, मुलांकडे तोंड करून, हत्तीकडे पाठ फिरवून.