जर्मन मास्तरची आजी

जर्मनांशी युद्ध सुरू झालं त्या वर्षीच्या कार्तिकात, एका मंगळवारी, मला देवासच्या कचेरीत साक्षीला बोलावलं. मी गेलो. मला पायरीखाली उभं केलं. संध्याकाळी बँडमास्तरला नगरच्या छावणीत पाठवायचं ठरलं.

देवास गाव एक, राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. ती कचेरी कोणत्या पातीची होती ते मी लिहीत नाही. पायऱ्या दोन्हीकडे होत्या.

वर ओसरी, ओसरीच्या आत बैठक. बैठकीत इंदूरहून आलेला गोरा अधिकारी खुर्चीवर. त्याच्या शेजारी दरबारचे चिटणीस. समोर दोन शिपायांच्या मध्ये बँडमास्तर. माझ्या हातात बँडमास्तरच्या घरचं प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते त्याच्या बंगल्यातून घेऊन यायचा हुकूम मलाच झाला होता. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला तसा चपराशी आडवा आला.

"भिया, बुरा मत मानना. यहीं ठहर जाओ."

त्या दिवशी माझ्याशी एवढंच कुणी बरं बोललं.

चिटणीस ओसरीवर आले. म्हणाले, "पुस्तक पायरीवर ठेव. नावांचं पान उघडून ठेव. आणि मागे हो, लिंबाखाली."

मी ठेवलं. मागे झालो. चिटणिसांनी तांब्यातून ओंजळभर पाणी घेतलं आणि उघड्या पानावर शिंपडलं. मी धरलं होतं म्हणून. मी मांग.

मला हे नवं नव्हतं. आमच्या हातचा नारळ, आमच्या हातची आंब्याची डहाळी, सगळं पाणी शिंपडूनच वाड्यात जातं. नारळाला पाण्यानं काही होत नाही. शाईला होतं.

त्या पानावर काय होतं ते सांगतो.

बँडमास्तर गोरा होता. गावात त्याला जर्मन मास्तर म्हणत. त्याच्या कागदांवर जर्मन लिहिलेलं होतं, आडनाव जर्मन होतं, आणि तरुणपणी तो जर्मन पलटणीत तुतारी वाजवत होता. पण कुणी तोंडावर जर्मन म्हटलं की त्याचे कान लाल होत. "पोलिश," तो म्हणे. पोलिश म्हणजे काय हे देवासात कुणाला ठाऊक नव्हतं. नकाशात तसा देशच नव्हता. एकदा वाड्यावरच्या एकानं त्याला विचारलंसुद्धा, "मास्तर, जो मुलूख नाहीच, तिथून तुम्ही आलात कसे?" सगळे हसले. मास्तर हसला नाही.

त्याच्या बँडमध्ये बहुतेक आमचीच माणसं. ढोलाला कातडं आणि तुतारीला थुंकी, दोन्हींना वरचे लोक हात लावत नसत. माझा बाप हलगी सोडून त्याच्याकडे मोठा ढोल वाजवायला लागला. मला मात्र वाजवता येत नव्हतं. मी धारला पाद्र्यांच्या शाळेत शिकलो होतो, अक्षर चांगलं होतं. मास्तरनं मला सुरांची पानं उतरवून काढायच्या कामाला ठेवलं. पानांवरच्या सूचना जर्मनमध्ये असत, म्हणून त्यानं मला जर्मन वाचायला शिकवलं. पोलिश शिकवली ती त्याला बोलायला कुणी नव्हतं म्हणून.

दर रविवारी तो ते पुस्तक काढी. मागच्या कोऱ्या पानांवर त्याच्या घराण्यातली नावं होती, चार वेगवेगळ्या हातांची. वरची जर्मन वळणाची, मधली पोलिश, खालची पुन्हा जर्मन. मी विचारलं, हे असं उलटसुलट का?

त्यानं सांगितलं. त्याचा आजा जर्मन विणकर. कामाच्या शोधात पोलिश मुलुखात आला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. ती म्हणाली, देऊळ माझं, भाषा माझी, मग तू माझा. आज्यानं ऐकलं. आजी मुलांना, कोंबड्यांना, कुत्र्यालासुद्धा पोलिशमध्येच हाक मारी. मुलांची नावं तिनं तिच्या हातानं लिहिली. पुढे तिथे सरकार जर्मन. शाळा जर्मन, रेल्वे जर्मन. मास्तरच्या बापाला रेल्वेत नोकरी हवी होती, त्यानं आपलं नाव जर्मन करून घेतलं. मग घर फुटलं. थोरला भाऊ जर्मन झाला आणि आजीच्या मर्तिकाला आला नाही. बहीण पोलिशच राहिली. तिच्या मुलीनं शाळेत प्रार्थना पोलिशमध्ये म्हटली म्हणून मास्तरीणबाईंनी तिच्या हातावर छड्या मारल्या.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी वाजवत राहिलो," तो म्हणाला. मग खिडकीतून टेकडीकडे बघत म्हणाला, "तुमचं देवास सोपं आहे. दोन भाऊ, दोन वाटे. माझ्या देशाचे तिघांनी वाटे केले. त्यांत भाऊ एकही नव्हता."

मला वाईट वाटायला हवं होतं. मला हेवा वाटला.

तोवर मला लोकांच्या जेवणाचा हेवा वाटे, जोड्यांचा वाटे, कोरड्या घराचा वाटे. हा हेवा त्याहून वाईट होता. त्या माणसाला आज्याचा आजा ठाऊक होता. त्याच्या घरात भांडण झालं तेही आपण कोण व्हायचं यावरून. एक भाऊ हे झाला, बहीण ते राहिली. होता येत होतं! त्या मुलीच्या छड्यांचाही मला हेवा वाटला. पाद्र्यांकडे जाण्याआधी मी धारच्या एका शाळेच्या ओट्याखाली दोन वर्षं बसलो होतो. तिथले मास्तर मला छडीनं मारत नसत. मातीचं ढेकूळ फेकून मारत. छडी विटाळली असती.

मी घरी येऊन बापाला विचारलं, आज्याच्या बापाचं नाव काय?

बाप म्हणाला, "कुणाला ठाऊक? मराठ्यांच्या फौजेबरोबर आला असेल ढोल बडवत. आता तो काय उठून भाकर मागतोय होय? गप जेव."

पुढच्या रविवारी मी ते पान पुन्हा मागून घेतलं. त्याच्या पुढच्याही रविवारी. हळूहळू ती सगळी नावं मला पाठ झाली. कोण कुणाचा मुलगा, कोण कुठे जन्मली, कोणतं नाव कुणाच्या हातचं. घरी कुणी नसलं की मी ती पुटपुटत असे. दुसऱ्याच्या घरातलं काही उचलून आणल्यासारखं वाटे.

आणखी एक सांगायला हवं. रविवारी मी मास्तरच्या खोलीत खुर्चीवर बसे. पण चिटणिसांचा मुलगा व्हायोलिन शिकायला आला की मास्तर माझ्याकडे न बघता म्हणे, "आता बाहेर." माझी खुर्ची व्हरांड्यात जाई. चिटणिसांच्या मुलाला सूर लागत नव्हता. त्याची वही मी लिहीत होतो. व्हरांड्यात बसून मी त्याचे चुकलेले सूर ऐके आणि दात आवळून पुढचं पान उतरवी.

मग युद्ध आलं. जर्मनांना धरून नगरला न्यायला लागले. मास्तर म्हणाला, मी पोलिश, माझं जर्मनांशी काही नाही. अधिकारी म्हणाला, पुरावा दाखव. त्याचं स्वतःचं म्हणणं धरायचं नाही असं ठरलं. पुस्तक आणि ते वाचू शकणारा दुसरा माणूस हवा. असा माणूस साऱ्या माळव्यात एकच होता. तो लिंबाखाली उभा होता.

चिटणिसांनी ओलं पुस्तक आत नेलं. अधिकाऱ्यानं पान उजेडात धरलं. आजीची शाई घरी केलेली, कच्ची. मधली नावं सगळी पसरली होती. वरची आणि खालची जर्मन नावं छापखान्याच्या शाईसारखी काळीभोर शाबूत होती.

चिटणीस म्हणाले, "वर जर्मन, खाली जर्मन. झालं."

मास्तर ओरडला, "मध्ये आजी आहे! आजीनं लिहिलंय!"

"कूळ बापाकडून चालतं," चिटणीस म्हणाले. त्यात कपट नव्हतं. त्यांच्या घरी दर दोन-तीन वर्षांनी भाट पोथी घेऊन येई आणि वंशावळ वाचून दाखवी. तीत आजी नसेच. आजीवरून माणूस ठरतो ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरण्यासारखीच नव्हती. ते खरोखर समजावून सांगत होते. "आजी कुठलीही असो, मास्तर. ती येते ती आपल्याच कुळात येते."

अधिकारी कंटाळला होता. त्यानं विचारलं, साक्षीदाराला ही नावं ठाऊक आहेत का?

मला ठाऊक होती. आजी कोण, कोणत्या गावची, घरात कोणती भाषा, छड्या कुणाला बसल्या, सगळं.

चिटणीस ओसरीवर आले. "बोल. तिथूनच बोल. चपराशी ऐकेल आणि आत सांगेल."

चपराशी माझ्या आणि पायरीच्या मध्ये येऊन उभा राहिला. त्याला इंग्रजी येत नव्हतं. नावं तर त्याच्या जिभेवर बसणारच नव्हती. माझे शब्द त्याच्या तोंडात जाणार, त्याच्या तोंडातून चिटणिसांच्या, तिथून अधिकाऱ्याच्या कानात. तिकडे पोचेपर्यंत ते चिटणिसांचे झालेले असणार.

मी म्हणालो, "आत येऊन सांगेन."

मला वाटलं नव्हतं मी हे म्हणेन. माझाच आवाज मला परका वाटला.

"काय म्हणालास?"

"माझी साक्ष आहे. मी आत येऊन सांगेन."

चिटणीस आत वळून अधिकाऱ्याशी बोलले. अधिकाऱ्यानं हात झटकला. "दरबाराची रीत दरबारानं पाहावी," एवढं इंग्रजीत म्हणाला. मला ते लिंबाखाली स्पष्ट ऐकू आलं.

मग मास्तर बोलला. पोलिशमध्ये बोलला, म्हणजे मला एकट्यालाच कळावं.

"प्रोशें," तो म्हणाला. म्हणजे कृपा कर. "तिथूनच बोल. काय बिघडतं?"

काय बिघडतं. ज्याच्या घरात नाव कोणत्या भाषेत लिहायचं यावरून भाऊ आजीच्या मर्तिकाला गेला नाही, तो माणूस मला विचारत होता, काय बिघडतं.

मी बोललो नाही.

माझ्या गप्प बसण्यात मान किती होता आणि हेवा किती, हे मी कितीदा पाहिलं. वेगळं करता येत नाही. मला उभं राहायचं होतं, हे खरं. आणि त्याचीही नावं माझ्या नावांसारखी जाऊ देत, एकदा त्यालाही कळू दे, असं मला वाटलं, हेही खरं. मी ते लपवत नाही.

अधिकाऱ्यानं सही केली. शिपाई मास्तरला टांग्याकडे घेऊन गेले. लिंबाजवळून जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. चिटणिसांनी पुस्तक चपराशाकरवी मास्तरकडे दिलं. पान अजून ओलं होतं, पुस्तक मिटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझी नोकरी गेली. बापाचीही जाता जाता राहिली. तो घरी येऊन माझ्यासमोर बसला.

"एका माणसासाठी तुझ्या तोंडून चार शब्द निघाले नाहीत?"

"खाली उभं राहून नाही."

"आम्ही जन्मभर खाली उभं राहूनच वाजवलं. कोण मेलं?"

 मग तोच म्हणाला, "चिटणिसाचं तोंड कसं झालं होतं?" मी सांगितलं. तो हसला. मग उठून बाहेर गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

नगरहून मास्तरची दोन पत्रं आली. पहिल्यात त्यानं कोरे कागद मागितले. दुसऱ्यात लिहिलं होतं, "मला जर्मन म्हणून इथे आणलं. इथले जर्मन मला पोलिश म्हणून जेवणाच्या टेबलावर घेत नाहीत. माझी खाट त्यांनी दाराशी टाकली आहे." पुढे थंडीबद्दल होतं. कचेरीबद्दल एक शब्द नव्हता. मी का बोललो नाही ते त्याला कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मी कागद पाठवले. दोनदा पोचले. तिसऱ्यांदा पुडकं परत आलं. तापानं गेला, असं छावणीतल्या कुणीतरी वर लिहिलं होतं.

मी दहा दिवस धरले. सुतक कुणाचं, हे आईनं विचारलं नाही. दहाव्या दिवशी आंघोळ करून मी त्याच्या घराण्यातली सगळी नावं वरून खाली मोठ्यानं म्हटली. मधली जरा सावकाश म्हटली. ऐकायला कोंबड्या होत्या.

युद्ध संपलं. वाचनालयाच्या खिडकीखाली उभा राहून मी वर्तमानपत्र वाचत होतो. आत घेत नव्हते, पण खिडकीतला गृहस्थ जुने अंक बाहेर देई. त्यात छापलं होतं की पोलिश लोकांचा देश पुन्हा झाला. नकाशाही होता. मला आनंद व्हायला हवा होता. मला पुन्हा हेवाच वाटला. मेलेल्या माणसाचा. सव्वाशे वर्षं तीन राजांनी पुसून ठेवलेला देश त्याला परत मिळाला. माझा कोणता नकाशा, आणि तो कुणी पुसला, हे सांगणारं पुस्तक कुठल्या भाषेत आहे?

आता मी कन्नौदला असतो. आमच्या वस्तीतल्या मुलामुलींना शिकवतो. पहिल्या दिवशी त्यांना मी घरी जाऊन आजीचं नाव विचारून यायला सांगतो. काही जण घेऊन येतात.

त्यानंतर मला तीनदा साक्षीला बोलावलं. एकदा जमिनीच्या भांडणात, एकदा मारामारीत, एकदा आमच्याच वस्तीतल्या बाईच्या खटल्यात. तिन्ही वेळा मी सांगितलं, आत येऊन बोलेन. दोनदा मला हाकललं. एकदा आत घेतलं.

मी खाली उभं राहून बोलत नाही. पहिल्यांदा बोललो नाही तेव्हा त्याची शिक्षा मला झाली नाही, दुसऱ्या माणसाला झाली आणि तो मेला. तो परत येणार नाही. तरी मी खाली उभं राहून बोलत नाही.