दोनदा घातलेली घडी

भाऊंनी आमच्या कंपनीत असेपर्यंत दोन ओळींपेक्षा लांब ई-मेल कधी लिहिला नाही. चौकशीचा अहवाल खरा मानायचा, तर हाच त्यांचा गुन्हा. "संबंधित कर्मचाऱ्याने धोक्याची सूचना पुरेशा विस्ताराने दिली नाही," असं त्यात छापलेलं आहे. हे वाक्य कुणी लिहिलं, ते पुढे सांगते. आधी भाऊ.

नोएडातल्या एका काचेच्या इमारतीत आम्ही दोघं नोकरीला होतो. मी कंपनीच्या माहितीपुस्तिका लिहायची, भाऊ वेबसाइटी बांधायचे. यवतमाळकडचे, चाळिशीचे, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. दोघंही गाझियाबादला राहत असल्यामुळे बरेचदा एकाच शेअर ऑटोतून घरी जायचो. मजल्यावर सगळा हिंदीचा कारभार, तरी त्यांना सगळे 'भाऊ'च म्हणत. शेजारच्या टेबलावरचा एक सरदारजी आदराने 'भाऊजी' म्हणायचा, आणि मराठीत त्याने कुठलं नातं जुळतं हे त्याला सांगायचं आम्ही दोघांनी टाळलं.

गरजेपेक्षा मोठी वस्तू भाऊंना खपत नसे. डबा एकाच कप्प्याचा. पिशवी कापडी, घडी घालून खिशात जाणारी. टेबलावर बाबासाहेबांची तसबीर होती, तीसुद्धा पाकिटात मावेल एवढी. मी एकदा म्हटलं, जरा मोठी लावा की. ते म्हणाले, "तसबीर वाढवली म्हणून वाचन वाढत नाही, बाई." नको तेवढं अवजड वेबपेज दिसलं की दुखावल्यासारखे पाहायचे आणि पुटपुटायचे, "काहून रडवता बाप्पा त्याले." माझ्या पुस्तिकाही त्यांच्या हातून सुटल्या नाहीत. तीन ओळींचं वाक्य दिसलं की पेन्सिलीने कंस करायचे आणि म्हणायचे, "बाई, हे वाक्य टाकीवर चढणार नाही."

ही टाकी खरी होती. भाऊंची थोरली बहीण गावाकडे एका सेवाभावी संस्थेची सेविका होती. संस्था दिल्लीची, मोठी, आणि स्वतःच्या मोठेपणाची तिला चांगली जाणीव होती. गावोगावच्या सेविका लहान मुलांची वजनं घ्यायच्या आणि ती मोबाईलवर ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या पानात भरायच्या. ते पान आमच्या कंपनीने बांधलेलं. ताईंच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर, वरून चौथ्या पायरीला यायची. पन्नाशीची बाई संध्याकाळी पदर खोचून वर चढायची, एका हाताने शिडी धरायची, दुसऱ्या हाताने नोंदी पाठवायची. हिरवी खूण उमटली की उतरायची. आमच्या मजल्यावर पान जड की हलकं यावर सभा भरायच्या. भाऊंचा हिशेब एवढाच असे, की ताईला शिडीवर किती वेळ उभं राहावं लागेल.

म्हणून त्यांनी त्या पानात एक लायब्ररी बसवली. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड. ही माहितीची घडी घालणारी होती. कुठल्याशा अनोळखी लोकांनी लिहून ती जगाला फुकट दिलेली. वापरा, पण आमची नावं पुसू नका, एवढीच त्यांची अट, आणि भाऊंनी ती नावं जपली होती. हे घडी घालणं मला समजेना तेव्हा त्यांनी ताईंच्या जुन्या वहीचं उदाहरण दिलं. गावाचं नाव प्रत्येक ओळीत कोण लिहितं? पहिल्या ओळीत लिहायचं, खाली सगळीकडे 'वरीलप्रमाणे'. नोंदींमध्येही तेच ते शब्द प्रत्येक मुलामागे येतात. लायब्ररी ते एकदा लिहून पुढे 'वरीलप्रमाणे' करत जाते. दहा पोती सामान एका पिशवीत बसतं. पलीकडे आमच्या सर्व्हरवर पिशवी उलगडली की पोतीच्या पोती जशीच्या तशी बाहेर. "एक दाणा कमी भरला तर घडी कसली," भाऊ म्हणायचे, "ती चोरी."

त्यांचा दुसरा एक नियम होता. पलीकडे उलगडून, वाचून झाल्याखेरीज ताईंना हिरवी खूण दाखवायची नाही. कारण खूण दिसताच मोबाईल आपल्याकडची प्रत पुसून टाकायचा. त्या स्वस्त मोबाईलमध्ये जागाच तेवढी. पोचलं म्हणजे वाचलं नव्हे, असं ते म्हणत. हा नियम मी तेव्हा पुस्तिकेत घातला आणि विसरले.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. आमच्याकडे बिनबोभाट चालणाऱ्या गोष्टीची कुणाला कदर नसते, कारण तिचं उद्घाटन करता येत नाही. आमच्या डायरेक्टर साहेबांना उद्घाटनाची तहान होती. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. ते 'व्हिजन' हा शब्द न उच्चारता पाणीही मागू शकत नसत. पानाची नवी आवृत्ती काढायची ठरली आणि सर्वांत आधी त्यावर साहेबांच्या मांडीवर हसणाऱ्या बाळांचा व्हिडिओ बसवण्यात आला. भाऊ म्हणाले, ही बाळं हसायला जेवढा डेटा खातील तेवढ्यात ताईच्या गावातल्या सगळ्या बाळांची वर्षभराची वजनं जातील. व्हिडिओ राहिला.

मग साहेबांना घडीचं कळलं. माहिती दहाव्या हिश्श्यावर येते, हे ऐकून त्यांचे डोळे चमकले. भरल्या मीटिंगमध्ये ते म्हणाले, "भाऊजी, एक बार में दस गुना, तो दो बार में सौ गुना. सिंपल मैथ्स है यार."

भाऊ शांतपणे म्हणाले, "सर, 'वरीलप्रमाणे' एक बार लिख दिया. अब 'वरीलप्रमाणे' का क्या 'वरीलप्रमाणे' करेंगे?"

मी सोडून त्यातलं कुणाला काही कळलं नाही, आणि मी हसले. तेवढंच केलं. हसायच्या ऐवजी त्याच वेळी तोंड उघडून दोन वाक्यं हिंदीत समजावून सांगितली असती तर, हा विचार मला अजून सोडत नाही.

नव्या आवृत्तीचं काम भाऊंकडून काढून चार तरुण इंजिनियरांना दिलं गेलं. त्यांनी घडीवर घडी घातली. सर्व्हर मात्र पूर्वीसारखा एकदाच उलगडत होता. आणि लोकार्पण सोहळ्यात पडद्यावर क्षणभरही थांबायला नको, म्हणून नोंदी वाचण्याआधीच, सामान नुसतं सर्व्हरच्या दारात आलं की हिरवी खूण दाखवायची, असं ठरलं. भाऊंनी साहेबांना ई-मेल लिहिला. मराठीत सांगायचं तर तो असा होता: "घडी घातलेल्याची परत घडी घालू नका, पलीकडे एकदाच उलगडते. वाचून झाल्याशिवाय हिरवी खूण देऊ नका, मोबाईलवरची प्रत पुसली जाते." दोन ओळी. साहेबांच्या सादरीकरणाला साठ पानं होती. साहजिकच, साठ पानं जिंकली.

दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात सोहळा झाला. समई, शाली, रोपटी. संस्थेच्या अध्यक्षीणबाईंनी सेविकांच्या कागदी वह्यांचा एक गठ्ठा समारंभपूर्वक स्वीकारला, कारण आता सगळं 'पेपरलेस' होणार होतं. बाकीच्या वह्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आधीच गोळा झाल्या होत्या. पडद्यावर 'शंभर पट, आमचं स्वतःचं तंत्रज्ञान' अशी अक्षरं झळकली. ज्यांनी लायब्ररी फुकट दिली होती त्यांची नावं नव्या आवृत्तीतून गेली होती. मंचावरून एक नमुना नोंद पाठवली. हिरवी खूण उमटली, टाळ्या पडल्या. ती नोंद पलीकडे वाचता येते का, हे उघडून पाहायचं त्या सभागृहात कुणालाच सुचलं नाही. भाऊंना बोलावलं नव्हतं.

पुढचे तीन आठवडे गावोगावच्या सेविकांनी नोंदी पाठवल्या. सर्व्हरने प्रत्येक गाठोडं एकदा उलगडलं, आत दुसरी घडी बघून त्याला कचरा मानलं आणि फेकून दिलं. इकडे मोबाईलांनी हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून आपली प्रत पुसली. तीन आठवड्यांनी संस्थेने पाहिलं तर एकाही मुलाचं वजन नाही. साहेबांनी हात वर केले: फील्डकडून डेटा आलाच नाही. संस्थेने क्षणाचाही विचार न करता सेविकांना नोटिसा धाडल्या. काम केलं नाही, तुम्हाला का काढू नये, याचा खुलासा करा.

ताईंचा फोन आला तेव्हा मी आणि भाऊ ऑटोतच होतो. ऑटोच्या आवाजात ऐकू येईना म्हणून त्यांनी स्पीकर लावलेला, मला सगळं ऐकू येत होतं. ताई रडत नव्हत्या. त्या हिशेब मागत होत्या. "अरे, मी रोज चढली टाकीवर. हिरवं दिसलं तवाच उतरली. आता हे म्हणतात मी चढलीच नाही. वही बी नेली त्यांनी. मी काय दाखवू?" मग जरा थांबून म्हणाल्या, "ते शेवटच्या घरचं पोरगं लागोपाठ तीनदा कमी भरलं. मी लिवलं होतं. मला वाटलं, तिकडं कोणी वाचत असन."

भाऊंनी फोन ठेवला. उतरताना एवढंच म्हणाले, की गाठोडी फेकली तरी कुठल्या मोबाईलवरून, कधी, केवढं आलं, याची यादी सर्व्हर ठेवतो. दाण्याचा पत्ता नाही, पण पिशवी आली होती हे त्यात आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. संस्थेला चौकशीचा अहवाल द्यायचा होता, "और आपकी भाषा बहुत बैलेंस्ड है." मी लिहिला. हिंदीत आठ पानं लिहिली, त्यातलं मुख्य वाक्य मराठीत असं: "तांत्रिक स्थित्यंतराच्या काळात काही नोंदी उपलब्ध होऊ शकल्या नाहीत." आणि ते भाऊंवरचं वाक्यही मीच लिहिलं. साहेबांनी मुद्दा सांगितला, शब्द माझे होते. मुलगी शिकतेय, घराचे हप्ते आहेत, असं काय काय मी त्या दिवशी स्वतःला ऐकवलं. या शहरात ते प्रत्येकाजवळ असतं, भाऊंजवळही होतं.

अहवाल भाऊंनी माझ्या टेबलाशी उभ्यानेच वाचला. आपल्यावरच्या वाक्यापाशी ते थांबलेसुद्धा नाहीत. ते थांबले दुसऱ्याच ठिकाणी. पेन्सिलीने त्यांनी "उपलब्ध होऊ शकल्या नाहीत" याला कंस केला.

"बाई, मी घडी घालतो ती उलगडली की सगळं बाहेर येतं. हे तुमचं वाक्य कितीही उलगडलं तरी यातून माणूस निघत नाही. कोणी केलं, तेच दाबून टाकलं तुम्ही."

मी काहीतरी बोलायला गेले. ते म्हणाले, "राहू द्या. लांब होईल."

त्याच दुपारी त्यांनी सर्व्हरवरची ती यादी थेट संस्थेला पाठवून दिली. वर दोन ओळी: सेविकांनी रोज पाठवलं होतं. फेकलं आम्ही. संध्याकाळपर्यंत गोपनीयतेचा भंग केल्याबद्दल त्यांना काढल्याचं पत्र तयार होतं. पत्र मात्र लांबलचक होतं.

जाताना एक फॉर्म भरावा लागतो. त्यात वरच्या रकान्यात 'वरिष्ठांचे नाव' होतं, खालच्यात 'सोडण्याचे कारण'. भाऊंनी वर साहेबांचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे'. मग गेटवर गार्डने नियमाप्रमाणे त्यांची पिशवी उघडायला लावली. आत डबा, टॉवेल आणि ती तसबीर. गार्डने तसबीर दोन्ही हातांनी परत केली आणि म्हणाला, "माफ करना भाऊ, ऊपर से ऑर्डर है." आमच्या त्या अख्ख्या इमारतीतून माफी मागितली ती एवढ्या एका माणसाने. मी शेजारीच उभी होते. मी ऑटो मिळेल का, असं काहीतरी बोलले.

संस्थेने नोटिसा मागे घेतल्या. "तांत्रिक बाब विचारात घेऊन" असं परिपत्रक निघालं. त्यातही माणूस नव्हता. साहेबांना पुढच्या टप्प्याचं काम मिळालं. ताई अजून त्या शिडीवर चढतात. शेवटच्या घरच्या त्या मुलाला त्यांनी स्वतः एसटीने जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं, तो वाचला. ते श्रेय आमच्या पुढच्या सादरीकरणात आमच्या व्यवस्थेला देण्यात आलं. ते पान मी लिहायला नकार दिला आणि महिन्याभराने नोकरी सोडली. यात शौर्य काही नाही. उशिरा चढलेल्या माणसाला टाकीवरून फार तर गाव दिसतं.

भाऊ आता यवतमाळला असतात. दिवाळीला मी लांबलचक निरोप पाठवते, त्यांचं उत्तर येतं, "तुम्हालाही." त्या आठ पानी अहवालाची एक प्रत माझ्याजवळ आहे. त्यांच्या पेन्सिलीचा कंस अजून तसाच आहे. गेल्या आठवड्यात मी तो अहवाल पुन्हा लिहायला बसले आणि चार ओळींत संपला:

साहेबांनी दोनदा घडी घालायला लावली. भाऊंनी नको म्हणून सांगितलं होतं. सेविकांनी रोज नोंदी पाठवल्या होत्या. खोटं मी लिहिलं.

एवढं टाकीवर चढेल.