मडक्यातलं थर्मामीटर

मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात अकरा पेशंटना एकशे सात ताप निघाला. चार्टवर तसं लिहिलेलं होतं, सुवाच्य अक्षरात. आणि त्या अकरांपैकी एक आजोबा पलंगावर मांडी घालून चहात पाव बुडवून खात होते.

मोठे साहेब राउंडला आले. सोबत हाउस डॉक्टर, मेट्रन, चार-पाच विद्यार्थी. साहेबांनी चार्ट पाहिला, आजोबांकडे पाहिलं, पुन्हा चार्ट पाहिला.

"आजोबा, कसं वाटतं?"

"बेस आहे साहेब. अजून एक पाव भेटन का?"

सगळा वॉर्ड हसला.

"हे टेम्परेचर कोणी घेतलं?"

"मी, सर," अन्नम्मा म्हणाली.

"सिस्टर, हा वॉर्ड आहे की वीटभट्टी?"

पुन्हा हशा. विद्यार्थी तर तोंडावर हात धरून हसत होते. अन्नम्मा खाली मान घालून उभी होती. मी तिच्या बाजूलाच उभी होते, आणि मला सगळं ठाऊक होतं. पण मी तोंड उघडलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, नागपुरातल्या एका सरकारी दवाखान्यातली. मी मेश्राम सिस्टर. इथलीच, नागपुरातल्या इंदोरा वस्तीत वाढलेली. तेव्हा मला नोकरीत पाच वर्षं झाली होती आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. अन्नम्मा केरळातून आलेली, बावीस वर्षांची. फेब्रुवारीत रुजू झाली. प्रोबेशनवर होती, म्हणजे सहा महिने काम बघणार, जमलं तर ठेवणार, नाहीतर परत पाठवणार. तिच्यामागे दोन बहिणी होत्या. ही परत गेली असती तर त्यांना कोणी नर्सिंगला पाठवणार नव्हतं. हे तिनेच मला सांगितलं होतं, अर्ध्या हिंदीत, अर्ध्या हातवाऱ्यांत.

वॉर्डात शेहेचाळीस पलंग, शिवाय जमिनीवर गाद्या. सिस्टर दोन. पेशंट सगळे वऱ्हाडी बोलणारे. "सिस्टर, मले कसनुसं होऊन राहिलं." आता कसनुसं म्हणजे नेमकं काय, हे मलाही कोणाला सांगता आलं नसतं. ही बिचारी काय समजणार? नातेवाईक ओरडायचे, डॉक्टर ओरडायचे, मी तर ओरडायचेच. होस्टेलच्या पोळ्या तिच्या घशाखाली उतरत नव्हत्या. दिवसातून एकदा ती चादरींच्या खोलीत जायची, दार लावून घ्यायची. पाच मिनिटांनी तोंड धुऊन बाहेर यायची आणि पुढच्या पलंगाकडे वळायची. रडण्याची वेळसुद्धा तिने ठरवून टाकली होती. मी हसायचे तिला. आज वाटतं, एवढी शिस्त माझ्यात कधी आली नाही.

तिच्या एप्रनच्या खिशात एक छोटी वही असायची. रोज पेशंटकडून पाच शब्द शिकायचे आणि आपल्या मल्याळी अक्षरांत लिहून ठेवायचे. दम लागून राहिला. डोकं गरगरते. पाय वळते. आमची आया तान्हाबाई तिला म्हणायची, "अन्नाबाई, तू लिह्यतं काय अन् वाचतं काय वं, सगळ्या जिलब्याच दिसते मले." अन्नम्मा हसायची आणि जिलब्या हा शब्द पण लिहून घ्यायची.

आता त्या एकशे सातची भानगड सांगते.

ताप मोजायच्या थर्मामीटरमधला पारा एकदा वर चढला की आपोआप उतरत नाही. झटकून उतरवावा लागतो. केरळात काय, पुण्यात काय, झटकला की तो खालीच राहतो. पण नागपूरच्या मे महिन्यात भरदुपारी वॉर्डातली हवाच अंगापेक्षा गरम असते. पारा झटका, ट्रेमध्ये ठेवा, थोड्या वेळाने बघा. पेशंटच्या तोंडात न जाताच पठ्ठ्या वर चढून बसलेला. म्हणून आमच्याकडे थर्मामीटर औषधी पाण्याच्या बाटलीत बुडवून ती बाटली मातीच्या मडक्यात ठेवत. मडक्यात गार पाणी, वरून ओला कपडा. थर्मामीटर एकेक काढायचं, झटकायचं, पारा कुठे आहे ते बघायचं आणि लगेच पेशंटला लावायचं. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. कोणी कोणाला शिकवलंही नव्हतं.

अन्नम्माने ते शेवाळलेलं मडकं पाहिलं आणि तिला शिसारी आली. तिच्या नर्सिंग स्कूलमध्ये स्वच्छता फार. तिने मडकं उचलून मोरीत ठेवलं, थर्मामीटर धुतली, पुसली, पांढऱ्या गॉजवर ट्रेमध्ये ओळीने मांडली. ट्रे ठेवला पश्चिमेच्या खिडकीत. मग वेळ वाचावा म्हणून सगळी एकदम झटकून परत ट्रेमध्ये ठेवली आणि निघाली ताप घ्यायला.

मी ते बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. पण आमचं मडकं हिला घाण वाटलं, याचा मला राग आला होता. म्हटलं, मोठी शहाणी आली, होऊ दे फजिती.

फजिती झाली, आणि नुसत्या हसण्यावर भागलं नाही. मेट्रनने तिला मेमो दिला. खोट्या नोंदी केल्या, असा. प्रोबेशनवरच्या मुलीला दुसरा मेमो म्हणजे घरचं तिकीट. त्या दिवशी ती चादरींच्या खोलीत पाच मिनिटं नाही, अर्धा तास होती. मी बाहेर इंजेक्शनच्या सुया उकळत बसले. मनातून खजील झाले होते, पण कबूल करायला छाती लागते.

चूक कुठे झाली ते तिने आपलं आपणच ओळखलं. दुसऱ्या दिवशी तिने मडकं राखेने घासून लख्ख केलं आणि जागेवर ठेवलं. वर एक नवीनच रीत सुरू केली. ताप घ्यायला निघण्याआधी मडक्यातलं थर्मामीटर काढायचं आणि आधी स्वतःच्या काखेत लावायचं. अठ्ठ्याण्णवच्या आसपास दाखवलं तरच पुढे जायचं. पेशंट चिडवायचे, "अन्नाबाई, तुमालेच ताप आला काय?" मीही चिडवलं. ती म्हणायची, "पहले मैं, बाद में पेशंट."

त्यानंतर आठवड्याभरातच एक रिक्षावाला आला. श्रावण नाव, पस्तिशीचा, महाल भागात सायकलरिक्षा चालवायचा. बाराच्या उन्हात सवारी ओढताना पडला. कॅज्युअल्टीत त्याच्या तोंडाला दारूचा वास आला, म्हणून हाउस डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, दारू जास्त झाली, सलाइन लावा, लक्ष ठेवा. ताप कोणी बघितलाच नाही. उन्हातून आलेला माणूस गरम लागणारच, असं प्रत्येकाला वाटलं.

त्याची बायको सोबत होती. तिने त्याला चादरीत गच्च गुंडाळलं होतं. उन्हाची बाधा होऊ नये म्हणून त्याच्या खिशात ठेवलेला कांदा तसाच होता. अन्नम्माने चादर काढली, कपाळाला हात लावला, मग पाठीखाली हात घातला.

"मेश्राम सिस्टर," ती म्हणाली, "घाम नाही."

मी ऐकलेलं तिचं हे पहिलं मराठी वाक्य. आणि ते बरोबर होतं. अंग कोरडं ठणठणीत, तव्यासारखं. एवढ्या उन्हात राबून आलेल्या माणसाला घाम नाही म्हणजे लक्षण वाईट.

तिने मडक्यातलं थर्मामीटर घेतलं. स्वतःच्या काखेत लावलं, अठ्ठ्याण्णव. झटकून माझ्या काखेत लावलं, साडेअठ्ठ्याण्णव. झटकून श्रावणच्या काखेत लावलं. पारा एकशे आठच्या शेवटच्या रेघेला जाऊन टेकला. त्याच्यापुढे रेघच नाही.

याला उष्माघात म्हणतात. अंगाची गार व्हायची यंत्रणाच बंद पडते. ताप असाच राहिला तर मेंदू शिजतो. हातात वेळ फार थोडा असतो.

तिने कॉल बुक लिहिलं. डॉक्टरांना बोलवायचं असलं की सिस्टर त्या वहीत लिहून पाठवते आणि डॉक्टर त्याच वहीत उत्तर देतात. तान्हाबाई वही घेऊन पळाली. ती परत येईपर्यंत अन्नम्माने बर्फाची पेटी ओढत आणली. वही आली. डॉक्टरांनी इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं: आधी तुमचं थर्मामीटर गार करा.

अन्नम्माने ते वाचलं आणि वही माझ्या हातात दिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते वाक्य तिच्यासाठी लिहिलेलं होतं, पण ते यायला कारण मी होते. माझ्या अकडूपणापायी एक माणूस मरायला टेकला होता.

"ऑर्डर नाही," मी म्हटलं. "बर्फ लावलास आणि काही झालं तर दुसरा मेमो."

"मालूम है," ती म्हणाली, आणि बर्फ फोडायला लागली.

श्रावणची बायको आडवी आली. "इतक्या तापात बरफ? मारता काय माह्या माणसाले!" आमच्याकडे तापाच्या माणसाला गार पाणी लावलं की सन्निपात होतो, अशी पक्की समजूत. ती बाई नवऱ्याच्या अंगावर पडून रडायला लागली. मी आपली खेकसणारच होते. पण अन्नम्माने तिचे दोन्ही हात धरले आणि आपल्या वहीतले शब्द एकेक करून बाहेर काढले.

"काहून रडतं वं? आग आत आहे. बाहेर काढू. तू पाय चोळ. मी हात चोळतो."

तो "चोळतो" ऐकून एरवी मी हसले असते. त्या बाईने पदर खोचला आणि नवऱ्याचे पाय चोळायला घेतले.

चोळायचं कशासाठी, तर नुसत्या बर्फाने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आत कोंडते. चोळत राहिलं की रक्त खेळतं, उष्णता बाहेर पडते. हे पुस्तकात होतं. मीही वाचलेलं होतं, पण मला आठवलं नाही, तिला आठवलं.

मी धावत डॉक्टरांकडे गेले. ते बायकांच्या वॉर्डात होते.

"सर, चला. एकशे आठच्या वर आहे. घाम नाही."

"सिस्टर, पुन्हा तेच थर्मामीटर?"

"सर, त्या दिवशी तिची चूक नव्हती. मडक्याचं मी तिला सांगितलं नाही. ट्रे खिडकीत ठेवताना मी बघत होते आणि गप्प बसले. मेमो मला द्या, पण आत्ता चला!"

आजूबाजूच्या पेशंटबाया माना वळवून ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, आणि हातातला कागद तिथेच टाकून निघाले.

श्रावणच्या अंगाला हात लावताच त्यांचा चेहरा उतरला. मग ते कामाला लागले. दुसरी सलाइन, इंजेक्शन, ओली चादर, वर पंखा. अन्नम्मा दर पाच मिनिटांनी ताप बघत होती, आता गुदद्वारातून, कारण बेशुद्ध माणसाचा खरा ताप तिथेच कळतो. एकशे आठ. एकशे सात. एकशे सहा. पाऊण तास चोळून आमचे हात बधिर झाले. तान्हाबाई, बायको, मी, डॉक्टर, सगळे चोळत होतो. हुकूम अन्नम्माचा होता.

एकशे दोनला ती म्हणाली, "बस. बर्फ बंद."

"अजून थोडा उतरू दे ना," मी म्हटलं.

"नाही. आता आपोआप उतरते. जास्त केला तर थंडा पडते."

डॉक्टरांनी मान हलवली. बर्फ बंद झाला.

दिवेलागणीच्या सुमारास श्रावणने डोळे उघडले. ओली गादी चाचपली आणि बायकोला म्हणाला, "मले कोनं भिजवलं वं?" ती बाई हसत होती की रडत होती, सांगता येत नव्हतं. तिने अन्नम्माचे पाय धरले. अन्नम्मा घाबरून दोन पावलं मागे सरली.

डॉक्टरांनी कॉल बुक मागवलं आणि आपल्या दुपारच्या ओळीखाली लिहिलं: सिस्टरचं थर्मामीटर बरोबर होतं, माझी चूक. खाली सही केली. अशी सही करणारे डॉक्टर मी पुढच्या सगळ्या नोकरीत दोन-तीनच पाहिले.

मेट्रनला मी लेखी दिलं. अन्नम्माचा मेमो मागे घेतला गेला, मला नवा मिळाला. तो मिळायलाच हवा होता.

अन्नम्मा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. कामाचं तेवढं बोलायची. तिसऱ्या दिवशी चादरींच्या खोलीत मी घड्या घालत होते, तर ती आत आली आणि दार लावलं. मला वाटलं, आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं.

"मेश्राम सिस्टर," ती म्हणाली, "तू काहून नाही सांगितलं?"

रागावले होते असं म्हणायचं, तर कशाचा राग, एका मडक्याचा? मला रडू फुटलं. त्या खोलीत रडायची पाळी त्या दिवशी माझी होती. तिने पाच मिनिटं वाट पाहिली, मग खिशातली वही काढली, पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोर बसली.

"आता सांग," ती म्हणाली. "अजून काय काय आहे, जे सगळ्यांना ठाऊक आहे आणि मला नाही?"

मी सांगत गेले. कूलरचा वाळा कधी भिजवायचा. कोणता पेशंट डबा लपवून खातो. कसनुसं म्हणजे साधारण काय. ती लिहीत गेली. तिची वही त्या दिवशी भरली.

अन्नम्मा नागपुरातच राहिली. तिच्या दोन्ही बहिणी नर्स झाल्या. पुढे ती आमच्या वॉर्डाची इन्चार्ज झाली, म्हणजे माझी साहेब, आणि मला त्याचं तिळमात्र वाईट वाटलं नाही. तिच्यानंतर इन्चार्ज मी झाले. नवीन सिस्टर कुठलीही असो, केरळची की काटोलची, पहिल्या दिवशी मी तिला आधी मडक्याशी नेत असे. कित्येक पोरी हसायच्या, "सिस्टर, ही काय सांगायची गोष्ट आहे?" मी म्हणायचे, हसा बाई. ऐकून हसलेली चालते. न सांगितलेली गोष्ट चालत नाही.