जप्तीरावांचा हात

कचेरीत त्यांना सगळे जप्तीराव म्हणत. खरं तर ते कोर्टाचे साधे बेलिफ. हुकूम निघाला की लोकांच्या घरी जाऊन सामान जप्त करायचं, हेच काम. जुन्या कागदांत त्याला 'टाच आणणं' म्हणत, आणि त्या शब्दांची जप्तीरावांना भारी हौस. पोराचा चेंडू काढून घेतला तरी ओरडायचे, "जंगम माल जप्त!" बायको म्हणायची, "एकदा तुमच्या जिभेवरच टाच आणते बघा!"

जप्तीची तिथली रीत जुनी होती. दोन पंच सोबत न्यायचे, वस्तूवर उजवा हात ठेवायचा आणि मोठ्याने म्हणायचं, "जप्त!" हात पडला की वस्तू कोर्टाची. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी आणि कारागिराची हत्यारं मात्र सोडायची, असा कायदाच होता.

एक दिवस हुकुमावर थोरल्या भावाचं नाव आलं. दादा सुतार. दोस्ताने सावकाराकडून कर्ज काढलं, हा जामीन राहिला आणि दोस्त झाला पसार! नात्यातलं प्रकरण म्हणून जप्तीरावांना अंग काढून घेता आलं असतं. पण मग तो दुसरा बेलिफ गेला असता, ज्याला सगळे 'कसाई' म्हणत. त्याने चुलीवरचं पातेलंही सोडलं नसतं. त्यापेक्षा आपणच गेलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

दादाच्या घरात नजरेत भरण्यासारखी एकच वस्तू होती, कपाट. लग्नानंतर वहिनींसाठी त्याने स्वतः केलेलं, एकही खिळा न ठोकता नुसत्या सांध्यांवर उभं. सावकाराचा माणूस त्याच्याकडेच बघत होता. जप्तीराव घसा खाकरून पंचांना म्हणाले, "हे हत्यारांचं कपाट. सोडलं."

दादा उसळला. "कसली हत्यारं? तुझ्या वहिनीचे कपडे आहेत त्यात! माझ्या घरात खोटं लिहायचं नाही."

"दादा, जरा गप्प बस ना," जप्तीराव पुटपुटले.

"का बसू?" असं म्हणून दादाने कपाटाची दारं सताड उघडली. घ्या! पंचांनी पाहिलं, सावकाराच्या माणसानेही पाहिलं. आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायची या घराण्याला खोडच होती. जप्तीरावांनी कपाटावर हात ठेवला, पण 'जप्त' हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना. शेवटी निघाला. वहिनी मुकाट्याने एकेक कपडा काढून खाटेवर ठेवत होत्या.

त्या दिवसापासून दादाने बोलणं टाकलं. "कपाट गेल्याचं काही नाही हो," तो लोकांना सांगायचा, "पण हात माझ्या भावाचा होता." जप्तीरावांना हे फार लागलं. वहिनींकरवी किती निरोप धाडले, पण दादा ढिम्म. पुतणीच्या लग्नाचंही बोलावणं आलं नाही.

वर्षं अशीच गेली. निवृत्त झाले त्या संध्याकाळी जप्तीराव घरी न जाता थेट दादाच्या दारात जाऊन उभे राहिले.

"भावजी आलेत," वहिनींनी आत सांगितलं.

आतून दादाचा आवाज आला, "पंच आणलेत का?"

"नाही दादा. एकटाच आलोय. आजपासून बेलिफ नाही मी."

मग दादा खेकसला, "मग ये की आत! परक्यासारखा दारात काय उभा राहिलास?"

आत नवं कपाट होतं, पॉलिशचा वास अजून गेला नव्हता. ते बघताच जप्तीरावांचे दोन्ही हात आपसूक पाठीमागे गेले. त्यांना रडूच यायला लागलं.

दादाने ते पाहिलं. थोडा वेळ रंधा पुसत राहिला.

"लांबून काय बघतोस?" तो म्हणाला. "हात लावून बघ ना, सांधे कसे बसलेत ते."